डावी बाजू कमी वाजते

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. कळसाडीच्या हर्षल पाटीलने तिसरा हेडफोन खोक्यासह माझ्या टेबलावर ठेवला आणि मागील दोन खेपांचेच वाक्य त्याच स्वरात उच्चारले, "ताई, यानी बी डावी बाजू कमी वाजस."

तीन वेगवेगळ्या बनावटींचे, तीन वेगवेगळ्या किमतींचे हेडफोन एकाच बाजूने बिघडावेत, ही शक्यता मी मनातल्या मनात मांडून पाहिली. ती इतकी लहान निघाली की चहा अर्धा ठेवून मी उठले.

माझे काम काय, हे आधी सांगायला हवे. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मी घेतली, त्यात ध्वनिशास्त्र हा विशेष विषय निवडला आणि गेली चार वर्षे शहाद्यात, संगणकावर स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांना हेडफोन निवडून देते. या वाक्याचा उत्तरार्ध ऐकला की नातेवाइकांना पूर्वार्धाबद्दल हळहळ वाटते. माझी मावशी तर थेट म्हणते, म्हणजे तू दुकानात बसतेस. मी बसत नाही. स्वस्थ बसणे हा माझा गुण नाही, आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना धाडलेल्या अर्जांची उत्तरे येईपर्यंत काहीतरी मोजत राहणे मला आवश्यक असते.

दुकान नितीनभाऊंचे. ते संगणक विकतात आणि दुरुस्त करतात. दुकानाच्या मागच्या बाजूला रिकाम्या खोक्यांची एक कोठडी होती, ती मी मागून घेतली आणि तिच्या चारही भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या, कारण मऊ पृष्ठभाग आवाज शोषून घेतो आणि या तालुक्यात कापसाइतके सहज मिळणारे दुसरे काहीच नाही. गादीवाल्याने विचारले, माणसे किती झोपणार? भिंतींना लावायच्या आहेत, असे मी सांगितले. त्याने भाव वाढवला नाही, पण पुढे मी दिसले की आवाज खाली करून बोलू लागला. याच कोठडीत एक श्रवणमापक यंत्र आहे, धुळ्याच्या बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेले आणि नाशिकहून प्रमाणित करून घेतलेले. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्या मिनिटात सांगते. मी फक्त मोजते.

ज्या खेळासाठी माझ्याकडे लोक येतात, तो पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा खेळ आहे. खेळाडूला पडद्यावर फक्त समोरचे दिसते. बाजूचे आणि पाठीमागचे जग त्याला कानांनीच कळते: कोण धावत येत आहे, कोणत्या जिन्यावरून, किती लांबून. डावीकडची चाहूल डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठी ऐकू येते. उजवा कान त्या वेळी आपल्याच डोक्याच्या आडोशाला असतो, जणू डोक्याची सावली त्याच्यावर पडते. हा फरक इतका सूक्ष्म असतो की आपल्याला तो जाणवत नाही, मात्र मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. हेडफोनचे काम हा फरक जसाच्या तसा पोहोचवणे, एवढेच. म्हणून मी पहिल्यांदा दोन्ही बाजू अगदी सारख्या वाजतात का ते पाहते. मग पावलांचा आवाज ज्या पट्ट्यात असतो, साधारण दोन हजार ते चार हजार हर्ट्झ, तो पट्टा स्वच्छ आहे का ते पाहते. मग वजन, कानांवरचा दाब आणि गादीचे कापड. ग्राहक मात्र दुकानात पाऊल ठेवताच "दणका" मागतो. दणका म्हणजे खालच्या पट्टीचा घुमारा. तो जितका जास्त, तितकी पावले त्याच्याखाली दबतात. लग्नाच्या वरातीत कुणाची पावले ऐकू येतात का, असे मी विचारते. निम्म्यांना पटते.

उरलेल्या निम्म्यांत रनाळ्याचे एक काका होते. मुलासाठी हेडफोन घ्यायला आले आणि प्रत्येक नमुना तळहातावर तोलून पाहू लागले. सर्वांत जड जो, तो त्यांनी बाजूला काढला. जड म्हणजे तांबे जास्त, तांबे जास्त म्हणजे टिकाऊ, हा त्यांचा हिशेब पाण्याच्या मोटारीला अचूक लागू पडतो. हेडफोन मात्र मानेवर तीन-चार तास वाहायचा असतो. मी तोच जड नमुना त्यांच्या डोक्यावर चढवला आणि गप्पा मारत राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी आपण होऊन तो उतरवला, मान दोनदा फिरवली आणि हलका दाखवा म्हणाले.

दुसऱ्या एका गृहस्थांनी खोक्यावरचा "सात पॉइंट एक" हा आकडा वाचून माल घेतला होता. घरी जाऊन त्यांनी हेडफोन उघडला. प्रत्येक बाजूला एकच स्पीकर. दुसऱ्या दिवशी तो उघडा हेडफोन रुमालात बांधून ते हजर झाले आणि नितीनभाऊंना एकच प्रश्न विचारला, "सातमधला पाच कोनी खादात?" सात दिशांचा भास संगणकाच्या गणिताने निर्माण होतो, कानाशी स्पीकर दोनच असतात, हे मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना नितीनभाऊंना म्हणाले की पोरगी हुशार आहे, पण तुमचीच बाजू घेते.

तिसरा दिलीप. धडगावकडच्या डोंगरातल्या गावाचा, तळोद्याला वसतिगृहात राहून शिकणारा, बोलायला अतिशय कमी. मे महिन्यात त्याची तक्रार आली की हेडफोन चांगला असूनही पावले नाहीशी झाली. मी त्याला नेहमीसारखा खेळायला बसवले. त्याने खिशातून मोठा रुमाल काढला, पाण्यात भिजवून पिळला, कानांवरून डोक्याला गुंडाळला आणि त्यावर हेडफोन चढवला. आमच्याकडच्या मे महिन्यात कृत्रिम कातड्याच्या गाद्या कानाला चटका देतात, त्यामुळे त्याचा उपाय शरीरशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने त्याने कानाला ओले दार लावून घेतले होते. मी गाद्या बदलून सुती कापडाच्या बसवून दिल्या. पुढे तो शहाद्याच्या संघात गेला. हर्षलही त्याच संघात.

आता हर्षलकडे वळते.

नितीनभाऊंचा निष्कर्ष तयार होता, खेप खराब आली, सगळे परत पाठवू. मी तिन्ही हेडफोन मापून पाहिले. डाव्या-उजव्यातला फरक एक डेसिबलच्याही आत. मग मी हर्षलला सांगितले की हेडफोन उलटा घाल, डावी वाटी उजव्या कानावर. बिघाड वाटीत असेल, तर तो वाटीबरोबर बाजू बदलेल. हर्षलने उलटा घातला, ऐकले, आणि निश्चिंत चेहऱ्याने डाव्या कानाकडे बोट दाखवले, अजूनही हीच बाजू. त्याला वाटले, त्याचे म्हणणे सिद्ध झाले.

मी त्याला कोठडीत बसवले आणि श्रवणमापक लावले. या यंत्राचा आकडा समजायला सोपा आहे. एक बारीक सूर अगदी हळू सुरू करायचा, पाच-पाच डेसिबलनी वाढवत न्यायचा, ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचे. जितक्या लवकर दाबले, तितका आकडा लहान आणि कान तितका तिखट. पंधरा-वीसपर्यंत काळजीचे कारण नसते. हर्षलचा उजवा कान चार हजार हर्ट्झला वीस निघाला. डावा पन्नास. वय बावीस.

पावलांचा आवाज नेमका त्या पट्ट्यात. मी आकडा सांगितला, नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि तो गेल्यावर कोठडीत फेऱ्या मारत राहिले, कारण मला कारण हवे होते. त्याला ताप, मार, फटाका, काहीच झालेले नव्हते. आणि दिवाळीपासून "डावी बाजू"ची तक्रार घेऊन आणखी दोघे येऊन गेले होते. त्यांना आम्ही मुकाट्याने माल बदलून दिला होता.

तीन दिवसांनी दुकानाची स्कूटर घेऊन मी कळसाडीला गेले. हर्षलचा संगणक, खोली, पंखा, वायरी, सारे तपासायचे ठरवले होते. तो घरी नव्हता. शेतात उसाचा खोडवा मोडून नांगरट चालली होती आणि ट्रॅक्टरवर तोच होता. त्याचे वडील, आप्पा, बांधावर उभे होते. आठवीपासून चालवतो, हात सरळ आहे, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी हाताकडे पाहतच नव्हते. मी मानेकडे पाहत होते. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हर्षल समोर क्वचितच बघत होता. धड पुढे, मान उजव्या खांद्यावरून मागे, नजर नांगरावर. नांगर वर-खाली करायचे दांडे उजव्या हाताशी, उजवे चाक तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, त्यामुळे बघायचे ते उजवीकडूनच. आणि मान तशी वळली की डावा कान नेमका इंजिनाच्या समोर येतो. उजवा कान डोक्याच्या सावलीत सुरक्षित. ज्या सावलीमुळे खेळाडूला दिशा कळते, त्याच सावलीने त्याचा एक कान वाचवला होता आणि दुसरा उघड्यावर ठेवला होता.

ध्वनिमापक पिशवीत होते. पुढच्या तासाला मी मडगार्डवर चढून बसले आणि ते आधी त्याच्या डाव्या कानाशी धरले, मग उजव्या. डावीकडे शहाण्णव डेसिबल, उजवीकडे नव्वद; रोज तासन्‌तास ऐकायचे तर पंचाऐंशीच्या वर कान झिजतो. सरळ बघून नांगरता येणार नाही का, असे मी ओरडून विचारले. तो हसला. "मांगे नही देखं तं तास वाकडं जास, ताई."

दुकानात परतल्यावर त्या दुसऱ्या दोघांना फोन करून मी एवढेच विचारले की तुम्ही ट्रॅक्टर चालवता का. दोघेही चालवत होते. त्यांतल्या एकाने उलट विचारले, "कितलं एकर नांगरणं शे?"

इथपर्यंत हे संशोधन होते, आणि संशोधनाचा मला आनंद झाला होता, हे मान्य करते. कळसाडीच्या बांधावरून निघताना आप्पांनी जे सांगितले, त्याने तो आनंद टिकू दिला नाही. फेब्रुवारीत नाशिकला विभागाची अंतिम स्पर्धा होती. संघाची पाच नावांची यादी जायची होती. पोराचा हा नाद आप्पांना पसंत नव्हता, पण त्यांनी शब्द दिला होता. "नाशिकनी यादीमा नाव उनं तं मी दुसरा डायव्हर लावसू. नही उनं तं ट्रॅक्टरवर हाऊच बसी."

म्हणजे कान कमी म्हणून नाव गेले, तर हर्षल पुन्हा त्याच सीटवर, मान त्याच बाजूला वळवून, पूर्ण हंगाम. डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळा. सांभाळण्याचा रस्ता यादीतून जात होता आणि यादीचा रस्ता कानातून.

कानावर बसवायची संरक्षक वाटी मी त्याला आणून दिली. आप्पांनी ती एकदा घालून पाहिली, इंजिनाचा आवाज बदललेला कळणार नाही म्हणाले, आणि खुंटीला टांगली.

मला जे येत होते ते मी केले. सुती गाद्यांचा, बंद वाटीचा, हलका हेडफोन निवडला. डाव्या बाजूचा पावलांचा पट्टा संगणकातून मोजून वर उचलला, एकूण आवाज मात्र ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही, कारण कान वाचवण्यासाठी कान जाळणे मला मंजूर नव्हते. मग दिशांची चाचणी घेतली: चाळीस पावले, प्रत्येक वेळी सांगायचे कुठून. दुरुस्तीशिवाय हर्षलची चोवीस बरोबर आली होती. दुरुस्तीनंतर एकतीस. त्याने खुर्चीतच मुठी आवळल्या. मीही मनातून तेच केले.

मग स्पर्धेचे नियम वाचले. हेडफोन स्वतःचा चालेल. संगणक त्यांचा, त्यात काहीही घालता येणार नाही, मध्ये कोणतीही डबी जोडता येणार नाही. माझी सगळी दुरुस्ती संगणकात होती. नाशिकला हर्षल आपला उघडा कान घेऊन बसणार होता. चोवीस.

संघाचा कप्तान भूषण. चोवीस वर्षांचा, उंच, बोलण्यात धार, डोक्यात सतत डावपेच. ट्रॅक्टरने नेलेला ऊस कारखान्यावर उतरवून तो थेट सरावाला यायचा आणि कपड्यांवरची पाचट झटकायच्या आधी कालच्या सामन्यातल्या चुका मोजायला लागायचा. मोजणारी माणसे मला आवडतात. भूषण मला आवडायचा. जानेवारीच्या अखेरीस तो दुकानात आला, नितीनभाऊंशी राम राम केला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. संघ डावीकडून मार खातो, म्हणाला. महिनाभर प्रत्येक पराभव डावीकडून. आधी नकाशा बदलून पाहिला, मग इंटरनेट, मग जागा. डावी बाजू हर्षलकडे आहे. दुसरा एक खेळाडू तयार आहे. हर्षलला काढायचा की नाही, एवढे ठरवायचे आहे, आणि ते भावनेने ठरवायचे नाही.

"मॅडम, तुम्ही त्याना कान मोजेल शे म्हने. माले आकडा द्या."

माणसाच्या कानाचा आकडा त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देत नाही, असे मी सांगितले. त्याने ते लगेच मान्य केले. मग हर्षलला विचारा, म्हणाला, पण नाही म्हटले तर मी समजून जाईन. आणि नियमही आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर कुणी पक्षपात म्हणणार नाही. "चाळीसना वर गया तो बाहेर. मन्हा सख्खा भाऊ व्हई तरी."

त्या संध्याकाळी हर्षल आला. भूषण काय म्हणाला ते मी त्याला शब्दशः सांगितले. तो बराच वेळ काउंटरवरच्या वायरींची गुंडाळी सोडवत आणि पुन्हा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "ताई, हेडफोन बरा शे, इतलंच सांगा ना."

वाक्य अचूक होते. हेडफोन खरोखरच बरा होता. मी मापलेला होता, निवडलेला होता, त्यात दोष नव्हता. एक खरे वाक्य एवढे मोठे खोटे वाहून नेऊ शकते, याचे मला शास्त्रज्ञ म्हणून कुतूहल वाटले. ते वाक्य मी बोलले, तर मी त्याला ट्रॅक्टरवरून उतरवणार होते. आणि मग माझ्या टेबलावरच्या कोणत्याही आकड्याला काही अर्थ उरणार नव्हता, पुढच्या खेळाडूलाही आणि मलाही. आकडा दिला, तर मी माझ्या हाताने त्याला त्या सीटवर बसवणार होते. उद्या सांगते म्हणाले. घरी जाऊन जेवले नाही. अंगणात चालत राहिले. आईने दोनदा विचारले की कुठल्या कंपनीचे उत्तर आले का.

चालताना भूषणचेच एक वाक्य मनात परत परत येत होते. हर्षल डावीकडून मार खातो, असे तो म्हणाला नव्हता. संघ खातो, असे म्हणाला होता. शास्त्रात एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. पाच कानांच्या जोड्या असताना एकच मोजून बाकी चार निर्दोष धरणे, ही मोजणीच नव्हे.

सकाळी मी आधी हर्षलला फोन केला. तुझा आकडा लपवणार नाही, पण तुझा एकट्याचाही देणार नाही, हे चालेल का? त्याने विचारले की म्हणजे काय. समजल्यावर त्याने हो म्हटले, फारशा आशेने नाही. मग मी भूषणला निरोप धाडला: आकडा हवा असेल तर पाचही जणांचा, एकाच दिवशी, एकमेकांसमोर. नाहीतर कुणाचाच नाही. भूषण फोनवर मोकळेपणाने हसला. एकदम शास्त्रशुद्ध, म्हणाला. त्याला ही अट खरोखरच आवडली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला, रस्ता शांत असताना, पाचही जण आले. यादी त्याच दिवशी सहापर्यंत जायची होती. नितीनभाऊ दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या ग्राहकांना हाताने थांबवू लागले. एकाला त्यांनी कुजबुजत सांगितले की आत पेपर चालू आहे.

कोठडीत एक खुर्ची, समोर बटण, पाठीमागे मी आणि यंत्र. दाराच्या काचेतून बाकीच्यांना यंत्राचा आकडा दिसत होता, खुर्चीतल्याला नाही. पहिला दिलीप. दोन्ही कान दहा. मी दुसऱ्यांदा मोजले, पुन्हा दहा. ट्रॅक्टरवर कधी बसलास का, असे विचारले. तो म्हणाला, "आमच्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही, मॅडम." दुसरा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा: पंधरा आणि पंधरा. तिसरा शिक्षकाचा मुलगा: पंधरा आणि वीस. मग हर्षल. त्याने डोळे मिटले, श्वास रोखला, शरीरातली सगळी शक्ती त्या कानात आणली. उजवा वीस. डावा पन्नास. काचेपलीकडे भूषणने फक्त मान हलवली. त्यात कसलाही आनंद नव्हता. हर्षल बाहेर आला तेव्हा भूषणने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

कप्तान शेवटी, असे म्हणत भूषण आत आला. चाचणी हवी का आता, असे मी विचारले, कारण त्याच्या दृष्टीने निर्णय झालाच होता. नियम सर्वांना, म्हणाला. खुर्चीत ऐटीत बसला, बटण अंगठ्याखाली घेतले, गाद्यांकडे बघून म्हणाला की इथे झोप चांगली लागेल.

उजवा कान: वीस. त्याने पटकन दाबले होते आणि स्वतःवर खूश दिसत होता.

मी बाजू बदलली. दहाला सूर सोडला. पंधरा. वीस. अंगठा हलला नाही. पंचवीस. तीस. तो समोरच्या गादीची शिवण पाहत होता, चेहरा निवांत. पस्तीस. चाळीस. मी वायर तपासली. वायर ठीक होती. मी त्याच वायरीने हर्षलला मोजले होते. दाराच्या काचेशी हर्षल उभा होता, त्याची नजर यंत्राच्या आकड्यावर. पंचेचाळीस. पन्नास.

भूषणने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आवाजात अधीरता होती, राग नव्हता.

"मॅडम, डावा कान कव्हय चालू करशात?"

चाचणी चालू असताना बोलायचे नसते. काचेपलीकडे हर्षलने हळूच मान खाली घातली, जणू त्याच्याकडून काही पाहायचे नव्हते ते पाहिले गेले. मी पंचावन्नला सूर सोडला आणि पूर्ण वेळ थांबले. मग आणखी पाच वाढवले.

अंगठा हलला.

भूषण, डावा कान, चार हजार हर्ट्झ: साठ डेसिबल.